मुरगळलेला घोटा आणि मैदानाची घाई

शाळांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या की लंगडत घरी येणारी मुले दिसू लागतात. कबड्डी असो वा बॅडमिंटन, पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध ताणले जातात, क्वचित फाटतातही. चार दिवसांत सूज उतरते, घरचे निश्चिंत होतात आणि मुलगा पुन्हा मैदानावर जातो. खरी हानी येथे होते.

प्रथम हाडाची शंका फेडावी. कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये यासाठी सुटसुटीत नियम मांडले. चार पावलेही टाकवत नसतील, किंवा घोट्याच्या उंचवट्याच्या मागील कडेवर वा टोकाशी दाबताच हाड दुखत असेल, तर एक्स-रे काढावा.

विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे चतुःसूत्र अमेरिकेतील डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. पुढे त्यांनीच सांगितले, की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे दुखापत भरून येण्यास विलंब होऊ शकतो. म्हणून ठणका शमविण्यापुरताच, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावावा. आजीच्या आंबेहळदीच्या लेपास आमची हरकत नाही. पहिल्या दिवसांत जोराने चोळण्यास मात्र आहे. सोसवेल तसे पाऊल लवकर टेकवू लागावे.

आता सर्वाधिक दुर्लक्षिला जाणारा भाग. पाऊल कसे पडले आहे, ही वार्ता मेंदूस पोहोचविणाऱ्या मज्जातंतूंची टोके अस्थिबंधांत असतात. दुखापतीने ती जाणीव मंदावते आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. उपाय बिनखर्चाचा आहे. दात घासताना दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहावे; ते साधले की भिंतीजवळ, डोळे मिटून. नंतर टाचा उचलणे, मग उड्या, शेवटी वळणे घेत धावणे. दुखऱ्या पायावरची उडी दुसऱ्या पायाइतकी निर्धास्त होईपर्यंत सामना खेळू नये. अस्थिबंध भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. खेळताना घोट्याचा पट्टा आणखी काही महिने वापरावा.

अशा मुलास सुटीत पेढीवर बसवायचे असेल, तर गादीवर मांडी घालून बसवू नये. त्या बैठकीत घोट्याची बाहेरील बाजू जमिनीवर दाबली जाते. खुर्ची द्यावी आणि पाय लोंबकळत न ठेवता समोरच्या स्टुलावर ठेवू द्यावा.