नवी गाडी घ्यायच्या आधी जुन्या गाडीची वही उघडा



मागच्या महिन्यात एका लग्नात आमच्या मेव्हण्यांनी चार लोकांत विचारलं, "दाजी, दुकान जोरात आहे, ट्रेनिंगच्या बॅचेस फुल आहेत, मग अजून तीच गाडी?" मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला, कारण बॅचमधले निम्मे लोक मला हाच प्रश्न उलट्या बाजूने विचारतात: "सर, धंदा सुरू करतोय, आधी गाडी नवी घेऊ का?" व्हिडिओत मी यावर बोललोय, पण तिथे आकडे घाईत गेले. म्हणून इथे सावकाश मांडतो.

माझी गाडी 2009 ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस. वडिलांनी घेतलेली. सासवडमध्ये आमचं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. आठवड्यातून दोनदा दिवे घाट उतरून पुण्यात टापकीर गल्लीत जायचं, वायरची बंडलं, स्विच, एमसीबी, एलईडी बल्ब बांधून परत यायचं. बाकीचे दिवस गावात आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर माल पोचवायचा. महिन्याला साधारण 1,000 किलोमीटर होतात. दुकानाची पहिली तीन वर्षं या गाडीने ओढली असं म्हटलं तरी चालेल.

2024 मध्ये गाडीला 15 वर्षं झाली. आरसीची मुदत संपत आली. त्यात इंजिन धूर सोडायला लागलं होतं. आणि खरं सांगतो, नवी गाडी सगळ्यात जास्त मलाच हवी होती. व्यापारी, सप्लायर नव्या गाड्यांवर येतात, आपण उतरताना लाज वाटते. मी शोरूममध्ये जाऊन रंगसुद्धा ठरवून आलो होतो. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "गिऱ्हाईक तुमची गाडी बघायला येतं का वायर घ्यायला?" त्या रात्री वही काढली.

आता हिशेब बघा. सोपं जावं म्हणून नवी गाडी ऑन रोड 1 लाख धरू. डाउन पेमेंट 20 हजार, कर्ज 80 हजार, मुदत 3 वर्षं. सेल्समन म्हणतो, "फक्त 10 टक्के फ्लॅट." फ्लॅट म्हणजे काय? वर्षाला 8 हजार व्याज, 3 वर्षांचं 24 हजार. एकूण 1 लाख 4 हजार भागिले 36, हप्ता 2,889 रुपये. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण 80 हजारांवर लागतं. बँकेच्या घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर जवळपास 18 टक्के होतो. बीबीए करताना मी हे गणित शिकलो होतो, तरी शोरूममध्ये बसल्यावर मला ते आठवलं नाही. तुम्हालाही आठवणार नाही, म्हणून घरून लिहून न्या.

"पण नवी गाडी ॲव्हरेज जास्त देते ना?" देते. माझी जुनी 55 देते, नवी 65 देईल असं धरू. 1,000 किलोमीटरला जुनीला 18.2 लिटर, नवीला 15.4 लिटर. फरक 2.8 लिटर. पेट्रोल 105 रुपये धरलं तर महिन्याला 300 रुपयांच्या आत. म्हणजे 300 वाचवायला 2,889 चा हप्ता!

जुनीचा खर्च लपवणार नाही. इंजिनचं काम 8,200, दोन टायर 3,600, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक लायनर आणि केबली मिळून 2,600. आरटीओची तपासणी, आरसीचं नूतनीकरण, 15 वर्षांवरच्या गाडीचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी असे सगळे कागद साडेचार हजारांच्या आसपास. एकूण 19 हजारांच्या जवळ. म्हणजे नव्या गाडीचं जेवढं डाउन पेमेंट, तेवढ्यात जुनी पुन्हा उभी राहिली आणि आरसी पुढची 5 वर्षं चालणार.

त्यानंतर जुनीला सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामं महिन्याला सरासरी 600, वर जादा पेट्रोल 300. झाले 900. नवीला हप्ता 2,889 आणि सर्व्हिसिंग 300, म्हणजे जवळपास 3,200. फरक 2,300 रुपये महिना. 3 वर्षांचे 82 हजारांच्या पुढे.

आता एक जण म्हणेल, "सर, 3 वर्षांनी नवी गाडी विकली तर किंमत येते, जुनीला कोण विचारतं?" बरोबर. ती किंमत जुनीपेक्षा 40 हजार जास्त येईल असं धरा आणि वजा करा. तरी 42 हजार उरतात. पण माझ्या मते खरा मुद्दा या 42 हजारांचा नाहीच. खरा मुद्दा आहे की ते 2,300 रुपये दर महिन्याला तुमच्या हातात असतात की दुसऱ्याच्या.

मी एक केलं. गाडी ठेवली, पण हप्ता चालू केला. स्वतःला. दर महिन्याच्या 5 तारखेला 2,300 रुपये वेगळ्या खात्यात. पुढच्या पावसाळ्यात एका ठेकेदाराकडे माझं 38 हजारांचं बिल अडकलं. आज देतो, उद्या देतो करत दोन महिने गेले. पावसाळ्यात आधीच बांधकामं थंड, गल्ल्यात काही नाही. दुकानाचं भाडं आणि कामाला असलेल्या पोराचा पगार मी त्या खात्यातून दिला. गाडीचा हप्ता डोक्यावर असता तर त्या दोन महिन्यांत एक तर हप्ता बाउन्स झाला असता, नाहीतर त्या पोराला "थांब जरा" म्हणावं लागलं असतं. तो पोरगा आज माझ्या माघारी दुकान सांभाळतो. त्यावेळी गेला असता तर ही बॅच घ्यायला मी मोकळाच नसतो.

उलटं उदाहरणही आहे. माझ्याच बॅचचा एक मुलगा, मोबाइल रिपेअरिंगचं दुकान. चालू गाडी विकली आणि मोठ्या सीसीची गाडी घेतली. हप्ता दुकानाच्या भाड्यापेक्षा मोठा. पहिले चार महिने गेले, मग पितृपक्षात धंदा बसला. त्याने डिस्प्ले आणि बॅटऱ्या आणायचे पैसे हप्त्यात घातले. माल नाही म्हणून गिऱ्हाईक परत जायला लागलं. गाडी अजून दारात आहे. दुकानाचं शटर बंद आहे. तो कष्टाळू नव्हता असं नाही. त्याने खेळतं भांडवल चाकात घातलं, एवढंच झालं.

कोणी म्हणेल, गाडी धंद्याच्या नावावर घेतली तर घसारा मिळतो. खरंय, 15 टक्के. पण त्याचा अर्थ सरकार तुम्हाला 15 टक्के परत देतं असा नाही, करपात्र नफा तेवढा कमी होतो. आणि जे छोटे दुकानदार अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरतात, त्यांना घसारा वेगळा मिळतच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, तेव्हा माझेही हात पुन्हा शिवशिवले होते. पण वस्तू स्वस्त झाली म्हणून तिची गरज तयार होत नाही. दुकानाचा माल घेताना आपण हेच बघतो ना?

आता जुन्या गाडीची दुसरी बाजू. एकदा भर पावसात, मागे दोन बंडलं बांधलेली, दिवे घाटात माझी क्लच केबल तुटली. माल दीड तास उशिरा पोचला, गिऱ्हाईक चिडलं. घरी येऊन मी गाडीला शिव्या घातल्या. वडील म्हणाले, "केबल महिनाभर जड लागत होती, तूच सांगत होतास. बदलली का?" नव्हती बदलली. तेव्हापासून साइड बॉक्समध्ये क्लच आणि ॲक्सिलरेटरची जादा केबल, प्लग आणि पाना असतो. विश्वासाची गाडी म्हणजे न बिघडणारी गाडी नव्हे. तिचा आवाज बदलला की आपल्याला कळतं, काय बिघडणार याचा अंदाज येतो आणि पार्ट गावातच मिळतो, ती विश्वासाची. स्प्लेंडर 1994 पासून रस्त्यावर आहे. हिरो आणि होंडा वेगळे होऊन बरीच वर्षं झाली, तरी तिचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. तुमच्या गाडीचे मिळत नसतील तर माझा हिशेब तुम्हाला लागू होणार नाही.

एक लक्षात ठेवा, पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील मेकॅनिककडून तपासून घ्या.

मग जुनी सोडायची कधी? माझे नियम असे:

1. सलग सहा महिने दुरुस्तीचा खर्च नव्या गाडीच्या निम्म्या हप्त्याच्या वर गेला.
2. सहा महिन्यांत दोनपेक्षा जास्त वेळा गाडीमुळे ऑर्डर हुकली.
3. चॅसी गंजली किंवा वाकली, ब्रेकवर भरवसा उरला नाही. इथे पैशाचा हिशेब करायचाच नाही. 2019 पासून नव्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं आहे, माझ्या गाडीत ते नाही. म्हणून लायनर मी वेळेआधी बदलतो आणि घाटात वेग कमी ठेवतो.
4. नव्या गाडीमुळे नवा धंदा येणार आहे आणि तो कागदावर दिसतोय.

चौथा नियम महत्त्वाचा. बॅचमधल्या एका ताईंना मी स्वतः सांगितलं, कर्ज काढा, नवी स्कूटर घ्या. त्यांची जुनी गाडी दर आठवड्याला गॅरेजला जायची आणि त्यांना 25 डब्यांची ऑर्डर वेळेच्या अटीवर मिळत होती. हप्ता त्या डब्यांच्या नफ्यातूनच निघत होता. ती खरेदी मला शंभर टक्के पटली.

तर आज रात्री एक काम करा. वहीत तीन रकाने आखा: मागच्या सहा महिन्यांत गाडीवर झालेला खर्च, गाडीमुळे बुडालेला धंदा, आणि नव्या गाडीचा हप्ता. बिलं नसतील तर मेकॅनिककाकांना विचारा, त्यांना सगळं आठवतं. आकडे "घे" म्हणाले तर बिनधास्त घ्या, पेढे मला पाठवा. "थांब" म्हणाले तर गाडी पुसून ठेवा आणि येत्या 5 तारखेपासून हप्ता स्वतःला भरायला लागा.

मेव्हण्यांना मी लग्नात हे सगळं सांगितलं नाही. पंगत उठत होती.

भेटू पुढच्या व्हिडिओत.