गुणवत्ता होती, गुरू होता. मग खुर्ची कुठे गेली?

बेंगळुरूत आमच्या पोरांना हल्ली एक ताईत विकला जातो : कौशल्य कमवा, चांगला मार्गदर्शक धरा, स्वतःला नीट सादर करा, म्हणजे वर जाल. आधी हे आयटीतल्या नोकरीसाठी सांगायचे, आता राजकारणात उतरू पाहणाऱ्यांनाही सांगतात. मी बीदर जिल्ह्यातून इथे आलेला, घरातला पहिला पदवीधर. हा ताईत विधानसौधाच्या पायरीवर ठेवून तपासू या.

मल्लिकार्जुन खर्गे आमच्याच जिल्ह्यातल्या वरवट्टीचे. रझाकारांच्या हिंसाचारात लहानपणीच आई गेली, गाव सुटलं. गुलबर्ग्यात शिकून वकील झाले, कामगारांचे खटले लढले. १९७२ ते २००८ सलग नऊ वेळा विधानसभा जिंकली. देवराज अर्स यांच्यासारखा पाठीराखा मिळाला. मंत्री झाल्यावर अनुसूचित जाती-जमातींच्या शिक्षकांच्या हजारो रिकाम्या जागा भरल्या. बोलणं संयमी, भाषा अनेक. ताईतातल्या तिन्ही गोष्टी भरपूर. मग १९९९ मध्ये मुख्यमंत्री कोण झालं? एस. एम. कृष्णा. २००४ मध्ये? धरमसिंग. २०१३ मध्ये? सिद्धरामय्या. २०२२ मध्ये खर्गे काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. कर्नाटकाला मात्र दलित मुख्यमंत्री आजवर मिळालेला नाही.

‘खर्गे मवाळ, म्हणून मागे राहिले’ असं म्हणणाऱ्यांनी बी. बसवलिंगप्पा आठवावेत. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेवर बंदी आणणारा हा मंत्री. १९७३ मध्ये त्यांनी बरंचसं कन्नड साहित्य ‘बूसा’, म्हणजे गुरांचा भुसा आहे, असं म्हटलं. रान पेटलं, दलित विद्यार्थ्यांना मारहाण झाली आणि बसवलिंगप्पांना अर्स यांच्याच मंत्रिमंडळातून राजीनामा द्यावा लागला. म्हणजे गोड बोललात तर थांबा, कडू बोललात तर निघा!

महाराष्ट्राने फार फुशारकी मारू नये. सोलापूरच्या कोर्टात शिपाई असलेले सुशीलकुमार शिंदे जानेवारी २००३ मध्ये मुख्यमंत्री झाले. २००४ ची निवडणूक आघाडीने जिंकली आणि खुर्ची विलासराव देशमुखांकडे गेली.

याचं मूळ व्यक्तिमत्त्वात शोधू नका, १९३२ च्या पुणे करारात शोधा. राखीव जागेवर उमेदवार आपला, पण त्याला निवडणारी बहुसंख्य मतं इतरांची. तिकीट वाटणारा हात तर त्याहूनही लांबचा. अशा रचनेत ‘स्वतःला नीट सादर करा’ याचा अर्थ एकच उरतो : त्यांना खटकू नका.

मार्गदर्शक नकोतच, असं माझं म्हणणं नाही. बाबासाहेबांना सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली, १९२० च्या माणगाव परिषदेत शाहू महाराज पाठीशी उभे राहिले. पण बाबासाहेब त्या आधारावर विसंबून बसले नाहीत. त्याच वर्षी ‘मूकनायक’ काढलं, १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापली, १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष. सूट-बूट होता, पण सूटमागे संघटना होती. कांशीरामांनी १९७८ मध्ये बामसेफ उभी केली, तीही आपल्यासारख्या शिकलेल्या नोकरदारांच्या पैशावर आणि वेळेवर.

तेव्हा पुढच्या शिबिरात एवढंच विचारा : तिकिटं ठरतात त्या खोलीत आपले किती, आणि ते कुणाच्या बळावर बसलेत? उत्तर मिळालं नाही तर फी परत मागा. तो पैसा आपल्या वस्तीतल्या संघटनेच्या कामी येईल.