वर्णपटाने अर्धेच काम होते




मागील अंकातील पत्रलेखकांच्या मते, वर्णपट मिळाला की ताऱ्याची गती कळलीच. मग आकाशगंगेच्या कडेवरील ताऱ्यांच्या मोजमापाचे एवढे कौतुक कशाला? हे अर्धसत्य आहे.

वर्णपट फक्त जवळ येण्याची वा दूर जाण्याची गती सांगतो. तारा सेकंदाला 100 किलोमीटर वेगाने दूर जात असेल, तर हायड्रोजनची 6563 अँगस्ट्रॉमची रेषा तांबड्याकडे सुमारे 2.2 अँगस्ट्रॉम सरकते. अंतर कितीही असो, सरकणे तेवढेच. पुण्याच्या ‘आयुका’ची गिरवली येथील 2 मीटरची दुर्बीण वर्णपट घेते, पण फार मंद ताऱ्यांना मोठा आरसा लागतो.

आडव्या गतीचे तसे नाही. आमच्या भातकुलीच्या शिवारातून नुसत्या डोळ्यांना न दिसणारा बर्नार्डचा तारा वर्षाला 10 विकला सरकतो. पूर्णचंद्राच्या रुंदीएवढे सरकायला त्याला पावणेदोनशे वर्षे पुरतात. आकाशगंगेच्या बाह्य प्रभामंडलात, सव्वातीन लाख प्रकाशवर्षांवर, त्याच 100 किलोमीटरच्या वेगाने आडवा धावणारा तारा वर्षाला विकलेचा जेमतेम पाच हजारावा भाग हलतो. चंद्राएवढे सरकायला सुमारे 85 लाख वर्षे!

तिथल्या मंद ‘आरआर लायरी’ प्रकारच्या ताऱ्यांसाठी 2013 साली सोडलेल्या ‘गाया’ यानाच्या मापनातील अनिश्चितताही याहून मोठी ठरते. म्हणून अनेक ताऱ्यांची सरासरी घेतात, किंवा मागच्या दीर्घिका स्थिर खुणा धरून ‘हबल’ची काही वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ताडून पाहतात.

या आडव्या गतीवाचून आकाशगंगेच्या वस्तुमानाचा अंदाज कच्चाच राहतो. संपादकांनी यावर जाणकाराचा सविस्तर लेख छापावा, ही विनंती.

– एक वाचक, भातकुली (जि. अमरावती)