दुबईचा आपला, कोइमतूरचा परका

विटा सोडून खानापूर-आटपाडीच्या बाजूला निघावे, म्हणजे माळरानावरच्या गावांतून एक दृश्य हटकून दिसते. दुमजली, नव्याने रंगविलेली, गुळगुळीत फरशीची घरे आणि त्यांच्या दारांना कुलपे. एखाद्या घराच्या ओसरीवर एकटी म्हातारी बसलेली असते. ही कुलपे दिवाळीत उघडतात, नाहीतर गावच्या यात्रेत. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेला तामिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, बंगाल अशा दूरदूरच्या राज्यांच्या पाट्या लावलेल्या गाड्या गावोगावच्या गल्ल्यांत उभ्या राहतात. त्यांतून उतरणारी मुले आजीशी मराठी बोलतात आणि आपसांत तमिळ किंवा मल्याळम्. चार दिवसांनी पुन्हा कुलपे लागतात.

हे गलाई बांधवांचे गाव. गलाई म्हणजे सोन्याचांदीची आटणी आणि शुद्धीकरण. सराफाकडे आलेली मोड मुशीत घालून वितळवायची, तेजाबाने हीण काढून टाकायचे आणि शुद्ध धातू परत करायचा, असा हा धुराचा, आगीचा आणि विश्वासाचा धंदा. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण-खटाव हा सारा पर्जन्यछायेचा पट्टा. शेतात पिकेना म्हणून गेल्या शतकात इथले तरुण बाहेर पडले. एकाने दुसऱ्याला नेले, मामाने भाच्याला नेले, आणि पाहता पाहता काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत, एवढेच नव्हे तर नेपाळपर्यंत, सराफ पेठ म्हटली की तिच्या बोळात विट्याकडचा माणूस आढळू लागला. सरकारने त्यांना कुठे पाठविले नव्हते; पण इथे राहू दिले असेही नव्हते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी आता बऱ्याच शिवारांत पोहोचले आहे. ते पोहोचेपर्यंत दोन-तीन पिढ्या परमुलखात रुजल्या.

अशाच एका गृहस्थांची गाठ काही दिवसांपूर्वी पडली. कोइमतूरला आजोबांच्या वेळेपासूनचे दुकान. मुलगी तिथेच बारावी झालेली, नीट परीक्षेत चांगले गुण मिळविलेली. तिला मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश हवा होता. गृहस्थांनी बरोबर एक जाडजूड फाईल आणली होती. गावच्या जमिनीचा सातबारा, घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादीतील नाव, आजोबांचा जीवन शिक्षण मंदिरातला दाखला, स्वतःचा जातीचा दाखला. काही म्हणता काही राहिले नव्हते. एका कार्यालयातील कारकुनाने फाईल उघडलीच नाही. दहावी कुठून, एवढेच विचारले आणि अर्जातील 'महाराष्ट्राबाहेरील' या रकान्यावर बोट ठेवले. गृहस्थ आम्हाला म्हणाले, "तिकडं आम्हाला मराठी म्हणून ओळखत्यात. हितं कागद आम्हाला बाहेरचं म्हणतोय. मग आमचं गाव कुठलं, ते तरी सांगा."

कारकुनाचा दोष नाही. नियमच तसा आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. उरलेल्या ८५ टक्के जागा राज्याच्या. या ८५ टक्क्यांसाठी महाराष्ट्रात नुसता अधिवास असून भागत नाही. दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातील संस्थेतूनच उत्तीर्ण व्हाव्या लागतात. राज्याबाहेर नेमणुकीवर असलेल्या राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना यात काही अटींवर सूट आहे. बदलून महाराष्ट्रात आलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांनाही आहे. सैनिकांच्या पाल्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, आणि ती असायलाच हवी. साताऱ्याच्या मातीत ते वेगळे सांगावे लागत नाही. गलाईवाल्याच्या मुलासाठी मात्र काही नाही. त्याला अखिल भारतीय कोट्यातील थोड्या जागांसाठी साऱ्या देशाशी झुंजावे लागते. २०२४ साली नीट परीक्षेला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते, यावरून त्या झुंजीची कल्पना यावी.

मग त्याने राहतो त्या राज्यातच प्रवेश घ्यावा, असे कोणी म्हणेल. पण तिथेही प्रत्येक राज्याने आपापले कुंपण घातलेले आहे. कुठे इतकी वर्षे शिकलेला हवा, कुठे आईबाप तिथलेच हवेत. शिवाय जातीचा दाखला सीमा ओलांडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० साली हे स्पष्ट केले, आणि योगायोग असा की तो खटला आपल्याच मुंबईतील सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशाचा होता. आंध्रातून आलेल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबातील मुलाला मुंबईत राखीव जागा मागता येणार नाही, असा निर्णय झाला. तोच न्याय आटपाडीच्या धनगराच्या किंवा मागासवर्गीय गलाई कामगाराच्या मुलाला मदुराईत लागू होतो. गावी त्याला शाळेमुळे नाकारायचे आणि तिकडे गावामुळे. ना घरचा ना घाटचा, ही म्हण इतकी तंतोतंत लागू पडलेली आम्ही क्वचितच पाहिली आहे.

आता याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहावे. विट्याच्याच एखाद्या घरातील थोरला भाऊ कोइमतूरला न जाता दुबईला गेला, असे धरू. त्याच्या मुलाची दहावी दुबईत, बारावी दुबईत. २०२१ पासून नीटचे केंद्रसुद्धा त्याला दुबईतच मिळते. आणि खासगी महाविद्यालयांत त्याच्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत अनिवासी भारतीय कोटा आहे. दहावी महाराष्ट्राबाहेर झाली, हे तिथे आड येत नाही. या कोट्याला न्यायालयीन मान्यता मिळाली ती २००५ च्या पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालाने, म्हणजे आपल्याच राज्यातून गेलेल्या वादातून. त्या निकालात न्यायालयाने दोन अपेक्षा व्यक्त केल्या होत्या. या जागा खऱ्याखुऱ्या अनिवासी भारतीयांच्या मुलांनाच मिळाव्यात आणि त्यातून येणारा वाढीव पैसा आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांच्या कामी यावा. पुढे काय झाले ते पंजाबात दिसले. तिथल्या सरकारने २०२४ साली अनिवासी भारतीयांच्या दूरच्या नातलगांनाही या कोट्याचे दार उघडले. उच्च न्यायालयाने ते बंद केले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा सारा प्रकार म्हणजे निव्वळ फसवणूक असल्याचे सुनावले.

परदेशस्थांविषयी आमच्या मनात आकस नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांतील मुलांचीही अडचण आम्ही जाणतो. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने त्यांना केवळ अनिवासी कोट्यापुरते मर्यादित केले आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने, त्या तारखेपूर्वी परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड घेतलेल्यांना यातून वाचविले. ज्याला मायभूमीत येऊन शिकावेसे वाटते, त्याचे स्वागतच आहे. प्रश्न तुलनेचा आहे. समुद्र ओलांडणाऱ्याला ओळखणारी व्यवस्था निपाणीच्या पलीकडे गेलेल्याला ओळखत नाही. एकाच घरातील दोन भावांपैकी ज्याने देश सोडला त्याच्यासाठी दार आहे, ते पैशाने उघडणारे का असेना. आणि ज्याने देश सोडला नाही त्याला मात्र सांगितले जाते की तू बाहेरचा.

यात न्यायालय काही करू शकेल, अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या खटल्यात १९५५ सालीच सर्वोच्च न्यायालयाने जन्मस्थान वेगळे आणि वास्तव्य वेगळे, असा भेद मान्य केला. १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात न्यायालयाने या देशात अधिवास एकच, तो भारताचा, राज्याराज्यांचा वेगळा अधिवास ही कल्पनाच चुकीची, असे बजावले. आणि तरीही वैद्यकीय पदवीच्या बहुतांश जागा राज्यातील रहिवाशांसाठी ठेवण्यास मुभा दिली. २०१८ साली आसामचा सातवी ते बारावी राज्यातच शिकण्याचा नियम कायम झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये तेलंगणाचा सलग चार वर्षे शिक्षणाचा नियमही टिकला. जानेवारी २०२५ मध्ये पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशांतील अधिवास आरक्षण न्यायालयाने घटनाबाह्य ठरविले खरे, पण एमबीबीएसचा अपवाद तसाच राहिला. या सर्व निकालांतून एकच गोष्ट निघते: कुंपण कुठे घालायचे आणि त्याला फाटक कुठे ठेवायचे, हे राज्य सरकारने ठरवायचे आहे. म्हणजे हा प्रश्न दिल्लीच्या न्यायालयाचा नाही, मुंबईच्या मंत्रालयाचा आहे.

आणि मंत्रालयाने ठरविले तर फाटक निघते, याचा दाखला समोर आहे. कर्नाटकात अडकलेल्या ८६५ गावांतील मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वैद्यकीय प्रवेशात जागा राखून ठेवल्या आहेत. बेळगाव-निपाणीकडचा मराठी मुलगा महाराष्ट्राबाहेर शिकला तरी तो आपला, हे तत्त्व राज्याने मान्य केलेलेच आहे. राज्यांतर्गत ७०:३० चा प्रादेशिक कोटाही सप्टेंबर २०२० मध्ये शासनाच्या निर्णयानेच गेला.

दहावी-बारावीची अट निर्बुद्धपणे घातलेली नाही, हे मात्र आम्ही मान्य करतो. तिच्यामागे अनुभव आहे. अधिवासाचे खोटे दाखले मिळवून परराज्यांतील धनिकांची मुले इथल्या जागा पटकावू शकतात. शाळेचा दाखला तितक्या सहजी बनविता येत नाही. शिवाय जतच्या जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या मुलाचा विचार नको का? त्याच्या वाट्याची जागा कोइमतूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्याला द्यायची काय? हा प्रश्न रास्त आहे आणि गलाई बांधवांच्या प्रेमापोटी तो टाळून चालणार नाही.

म्हणूनच सरसकट अट काढून टाका, असे आमचे म्हणणे नाही. जतच्या मुलाच्या जागेला धक्का न लावता, सीमाभागाच्या धर्तीवर, मंजूर संख्येच्या वर मोजक्या जागा ठेवता येतील काय, हे केंद्राच्या आयोगाशी बोलून पाहावे. निकष कडक असावेत. आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावे गावातील जमीन किंवा घर, वडिलांचा महाराष्ट्रातील शाळेचा दाखला, आणि मुलाची मराठीची परीक्षा. ती परीक्षा तर असावीच. मिरजेच्या वॉर्डात आलेल्या डोंगरवाडीच्या म्हातारीशी ज्याला बोलता येत नाही, तो कुठेही शिकला असला तरी तिच्या कामाचा नाही. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याला राज्यात एक वर्ष सेवा द्यावी लागते. या जागांवरील विद्यार्थ्यांकडून ती सेवा आटपाडी, माण, खटाव, जत अशा तालुक्यांतच घ्यावी, आणि एकाऐवजी तीन वर्षे घ्यावी. तो त्यानंतर गावात राहीलच, अशी हमी आम्ही देत नाही. पण ज्याचे त्या तालुक्यात कुलूप लावलेले का होईना घर आहे, त्याच्या राहण्याची शक्यता इतरांहून अधिक, एवढे म्हणता येते.

या भागात महाविद्यालयांची वाण नाही. मिरजेचे शासकीय महाविद्यालय १९६२ चे. कराडचे कृष्णा १९८४ चे, सांगलीचे भारती विद्यापीठाचे २००५ चे. साताऱ्याचे शासकीय महाविद्यालयही २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाले. यांपैकी अभिमत विद्यापीठांत अधिवासाचा अडसर नाही. तिथे अडसर शुल्काचा आहे, आणि तो गलाईच्या भट्टीवर बसणाऱ्याला दहावीच्या अटीहून सोपा नाही.

तोवर गलाई कुटुंबांनी आपल्यापुरता मार्ग काढला आहे. मूल आठवी-नववीत गेले की आईने त्याला घेऊन विट्याला किंवा सांगलीला खोली घ्यायची आणि बापाने तिकडे भट्टीजवळ एकट्याने जेवायचे. चौदाव्या वर्षी मुलाला डॉक्टर व्हायचे की नाही, हे त्याच्या वतीने ठरवून टाकायचे. आणि ठरविले नाही तर ते आपोआप ठरते. कोइमतूरच्या त्या गृहस्थांनी थोरल्या मुलीचे नाव तिकडेच दुसऱ्या शाखेत घातले. धाकटा सातवीत आहे. येत्या जूनमध्ये तो आजीकडे येणार असून गावातल्या त्या घराचे कुलूप त्यांनी आताच काढून ठेवले आहे.