नापासाची धास्ती कोणाच्या कामाची?

पोरांना नापास होण्याची भीती राहिली नाही म्हणून ती अभ्यास करत नाहीत, हे मत कॉलेजच्या स्टाफरूमपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही ऐकायला मिळते. भीतीने पोरे रात्र रात्र जागतात, हे खरेच आहे. पण जागून करतात काय? पेपरच्या आदल्या रात्री ग्रुपवर ‘आयएमपी काय आहे?’ अशी विचारणा सुरू होते, दोन युनिट ऑप्शनला टाकली जातात, उरलेल्यांची ठरावीक उत्तरे घोकली जातात. भीती माणसाला पळवते, यात वाद नाही; मात्र हा पळणारा विषयाकडे न जाता चाळीस गुणांच्या कुंपणाकडे धावतो, आणि कुंपण ओलांडले की तिथेच थांबतो.

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत हे उघड दिसते. व्होल्टमीटर-अ‍ॅमीटरची रीडिंग घेऊन आलेख काढायचा असतो. सहा बिंदू एका रेषेत येतात, सातवा बाजूला पडतो. तो का पडला? जोडणी सैल होती, तार तापली होती, की काटा वाचताना नजर तिरपी गेली? विषय खरा इथे सुरू होतो. प्रत्यक्षात सातवा बिंदू खोडला जातो, सीनियरच्या फाइलमधले रीडिंग उतरते, रेषा सुतासारखी सरळ येते आणि सबमिशनच्या आठवड्यात तिच्यावर सही होते. याला आळस म्हणणे सोपे आहे, पण शंभर पाने हाताने उतरवणारा मुलगा आळशी कसा? चुकलेले रीडिंग दाखवले तर फाइल परत येणार आणि उतरवलेले दाखवले तर सही मिळणार, हे त्याने ओळखलेले असते. वर्गात ‘डाउट आहे का?’ या प्रश्नावर पसरणारी शांतता याच हिशेबातून येते.

बर्ग्लास आणि जोन्स या मानसशास्त्रज्ञांचा 1978 सालचा प्रयोग इथे आठवतो. विद्यार्थ्यांना बहुतांशी न सुटणारी कोडी देऊन वर ‘उत्तम जमले’ असे सांगितले गेले. पुढच्या फेरीआधी दोन औषधे पुढे ठेवली. एकाने बुद्धी तल्लख होईल, दुसऱ्याने मंदावेल, असे सांगून. यश का मिळाले हेच न कळलेल्या मुलग्यांपैकी पुष्कळांनी मंदावणारे निवडले. हरलोच तर दोष औषधाचा, आपल्या कुवतीचा नव्हे! परीक्षेच्या हॉलबाहेर ‘मी काही वाचलंच नाही यार’ म्हणणारा तेच औषध घेत असतो. प्रामाणिकपणे कष्ट करून नापास होणे त्याला परवडत नाही, म्हणून तो कष्टच टाळतो.

थोडी भीती हवीच, असे म्हणणारे यर्क्स आणि डॉडसन यांच्या 1908 च्या प्रयोगाचा आधार घेतात. तो प्रयोग उंदरांवरचा होता, हे सोडून देऊ. काम सोपे असताना जोराच्या विजेच्या झटक्याने शिकणे वेगाने झाले, पण काम अवघड होताच तोच जोर शिकण्याच्या आड आला, हा त्याचा निष्कर्ष. पदवीचा अभ्यास सोप्या कामात मोडतो, असे हा आधार घेणाऱ्यांना तरी म्हणायचे नसावे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उद्या पूल बांधणाऱ्याला चूक माफ नाही, मग आज का असावी? पण पुलाला खरा धोका चूक लपवायला शिकलेल्या अभियंत्याचाच. निकष सैल करा, असे इथे कोणी म्हणत नाही. निकष कडक ठेवून चुकण्याची किंमत कमी करता येते. ढिलाईसाठी कोणी नावे ठेवणार नाही अशा अमेरिकेतल्या एमआयटीत पहिल्या सत्रात नापास झालेला विषय बाहेर जाणाऱ्या गुणपत्रिकेवर येतच नाही. आपल्याकडे टर्मवर्कचे काही गुण न जुळलेल्या रीडिंगच्या स्पष्टीकरणाला ठेवले, तर विद्यापीठाच्या तिजोरीवर कसला भार पडणार आहे? साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिक्षकाला वेळ नाही, ही तक्रार रास्त आहे. तरी फाइलवर सह्या करण्यात जाणाऱ्या वेळात प्रत्येकाला एक प्रश्न विचारता येईल.

राहिली एटीकेटी. तिने पोरे सोकावली, असे म्हणतात. ती वर्ष वाचवते एवढेच. राहिलेला विषय पुढच्या सत्राच्या डोक्यावर बसतो आणि प्लेसमेंटच्या वेळी अनेक कंपन्या बॅकलॉग असलेल्याला दारातूनच परत पाठवतात. एम-थ्री हा गणिताचा पेपर दुसऱ्यांदा राहिलेल्या मुलाला त्यात सोकावण्यासारखे काय सापडले, हे एकदा त्यालाच विचारावे.