अ अधिक ब, म्हणून भरपाई शून्य!

गणितातला एक जुना किस्सा आहे. फ्रेंच विचारवंत डिडेरो १७७३ साली रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनकडे पाहुणे म्हणून गेले. माणूस नास्तिक, त्यामुळे दरबारी वैतागले. मग म्हणे थोर गणिती ऑयलर पुढे आले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "महाशय, अ अधिक ब चा न वा घात, भागिले न, बरोबर क्ष. म्हणून देव आहे. द्या उत्तर!" डिडेरो गप्प. दरबार खो खो हसला.

किस्सा बहुतेक रचलेलाच आहे. डिडेरोंनी १७४८ मध्ये स्वतः गणितावर लेखन प्रसिद्ध केलं होतं, ते असल्या सूत्राला घाबरणारे नव्हते. तरी किस्सा दोनशे वर्षं टिकला, कारण त्यातली गंमत खरी आहे. सूत्र पुढे केलं की समोरचा माणूस गप्प बसतो.

फॉर्म्युला हा शब्द आपण एरवी जागावाटपाच्या बातम्यांत ऐकतो, आणि तिथे तो रोज बदलतो. पण शेतकऱ्यासमोर आला की तोच फॉर्म्युला ब्रह्मवाक्य होतो. पीक विम्याचं बघा. भरपाई का नाही, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "दादा, तुमचं मंडळ सूत्रात बसत नाही." संपला विषय!

आता हे सूत्र आहे तरी काय? मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांच्या उत्पादनाची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. हे झालं उंबरठा उत्पादन. यंदाचं मंडळाचं सरासरी उत्पादन त्याच्या खाली जितके टक्के गेलं, विमा रकमेच्या तितके टक्के भरपाई. बस्स, एवढंच. सातवीतलं पोर करेल.

समजा, सोयाबीनची ती पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १२ क्विंटल आली. उंबरठा झाला ८.४. यंदा मंडळात साडेआठ क्विंटल पिकलं, म्हणजे साडेतीन क्विंटल गेले. भरपाई किती? शून्य. ६.३ पिकलं तर? पीक जवळजवळ निम्मं गेलं, पण भरपाई २५ टक्के. आणि ओढ्याकाठच्या एखाद्याचं रान सगळं वाहून गेलं, पण मंडळाची सरासरी साडेआठ भरली, तर? त्यालाही याच हिशेबानं शून्य. २०२५ च्या खरिपात राज्यानं भरपाई पीक कापणी प्रयोगावरच ठेवली, त्यामुळे ही सरासरीच सगळं ठरवते.

यात गणित चुकलेलं नाही. मला खटकतं ते वेगळंच. ७० हा आकडा काही निसर्गानं दिलेला नाही. केंद्राच्या योजनेत ७०, ८० आणि ९० असे तीन पर्याय आहेत. आपल्या राज्यानं ७० घेतला. ८० घेतला तर विम्याचा हप्ता वाढेल, तिजोरीवर भार पडेल, हे मान्य. पण मग तसं स्पष्ट सांगा ना, की पैसे कमी आहेत म्हणून ७० ठेवलंय. सरकारचा निर्णय गणिताच्या नावावर कशाला खपवायचा?

दुसरी गोष्ट. सातातली वाईट दोन वर्षं वगळतात, हे शेतकऱ्याच्या सोयीचंच आहे. पण ज्या भागात सातातली चार वर्षं दुष्काळाची, तिथे दोन वाईट वर्षं सरासरीत राहतातच. सरासरी घसरते, तिच्या मागे उंबरठाही घसरतो. म्हणजे दुष्काळ जितका जुना, तितकी भरपाई अवघड! ज्याला विम्याची गरज जास्त, त्यालाच हे सूत्र कमी देतं.

तिसरी गोष्ट कापणी प्रयोगाची. मंडळात एका पिकाचे किमान १० प्रयोग व्हायला हवेत. कोणत्या गटात झाले, कोणत्या तारखेला, वजन किती भरलं, हे गावातल्या किती जणांना माहीत असतं? सूत्र कितीही चोख असो, आत जसा आकडा घालाल तसाच बाहेर येणार.

म्हणून माझी मागणी भाषणबाजीची नाही, साधी आहे. प्रत्येक महसूल मंडळाचं सात वर्षांचं उत्पादन, यंदाचा उंबरठा आणि प्रत्येक कापणी प्रयोगाचं वजन मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा. प्रयोगाच्या तारखेची दवंडी आधी द्या. आणि आपणही त्या दिवशी बांधावर उभं राहू या, नंतर तालुक्याला खेटे घालण्यापेक्षा ते बरं.

आपल्या मंडळाचे हे आकडे कोणाकडे असतील तर मला पाठवा. बेरीज, भागाकार आपल्यालाही येतो. सगळे मिळून करू.