सगळं हिरवं दाखवणारं सॉफ्टवेअर

गेल्या गणपतीत माझा मावसभाऊ बऱ्याच वर्षांनी घरी सापडला. तो क्रूझवर केबिन स्टुअर्ड आहे. सिंधुदुर्गातल्या आमच्या गावाच्या भाषेत, ‘बोटीवर असतो’. आरती झाल्यावर त्याने मला मोबाइलमधला एक फोटो दाखवला. बोटीवरच्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर त्याच्या महिनाभराच्या कामाच्या तासांची नोंद होती. दर दिवसाची एक पट्टी, आणि सगळ्या पट्ट्या हिरव्या.

“तू असलीच सॉफ्टवेअरां लिवतंस मा? ह्या बघ,” तो म्हणाला.

त्या महिन्यात दादा आठवड्याचे सातही दिवस बारा-तेरा तास राबला होता. मग हिरवं कसं? कार्ड लावून ड्युटी संपवायची आणि उरलेल्या केबिन त्यानंतर आवरायच्या. चुकून पट्टी लाल झालीच, तर सुपरवायझर बोलावून घेतो. काम कमी करायला नाही, नोंद ‘नीट’ करायला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्या स्क्रीनमागचा नियम माझ्यासारख्याच कुणीतरी एखाद्या एसी ऑफिसात बसून लिहिला असणार. त्या सॉफ्टवेअरमध्ये बग नाही. ज्याने पैसे मोजले त्याला जे हवंय, ते ते चोख करतं. त्याला हवी आहे तपासणीच्या दिवशी दाखवायला एक हिरवी फाइल. आणि हे एकट्या दादाच्या बोटीवरचं नाही. स्वीडनमधल्या माल्मोच्या वर्ल्ड मेरिटाइम युनिव्हर्सिटीने २०२० मध्ये जहाजांवरच्या कामाच्या नोंदींवर एक अहवाल काढला. त्याचं नावच होतं ‘अ कल्चर ऑफ अॅडजस्टमेंट’. जुळवून घेण्याची संस्कृती.

कायदा नाही म्हणून हे चालतं, असं समजू नका. कायदा आहे, आणि चांगला आहे. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, म्हणजे एमएलसी. तो २०१३ मध्ये लागू झाला आणि २०१५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्याच्या व्याख्येत जहाजावर कोणत्याही पदावर काम करणारा माणूस ‘सीफेअरर’ ठरतो. इंजिनरूममधला ऑइलरही आणि टॉवेलाचा हत्ती करून पलंगावर ठेवणारा माझा भाऊही. दिवसाला जास्तीत जास्त १४ तास आणि आठवड्याला ७२ तास काम, किंवा दिवसाला किमान १० आणि आठवड्याला ७७ तास विश्रांती, अशी त्यात मर्यादा आहे. रोज तेरा तास धरले तर आठवड्याचे ९१ होतात.

मग अडतं कुठे? नियम मोडला असं ठणकावून सांगणारा माणूस बोटीवर नसतो, तिथे. जमिनीवर त्या माणसाला युनियनचा प्रतिनिधी म्हणतात. क्रूझचा धंदा उभा राहिलाय तो त्याला शक्यतो बोटीवर चढूच न देण्याच्या हिशेबावर.

हा हिशेब झेंड्यापासून सुरू होतो. रॉयल कॅरिबियन ही कंपनी लायबेरियात नोंदलेली, नॉर्वेजियन क्रूझ लाइनची मूळ कंपनी बर्म्युडात. दोघींची मुख्य ऑफिसं मायामीत, बहुतेक जहाजांवर झेंडा बहामाचा, प्रवासी मुख्यतः अमेरिकन आणि कामगार भारत, फिलिपीन्स, इंडोनेशियाचे. समुद्रात ज्याचा झेंडा त्याचा कायदा. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मॅक्युलॉक खटल्यात निकाल दिला, की परदेशी झेंड्याच्या जहाजावरच्या परदेशी कामगारांना अमेरिकेचा युनियनचा कायदा लागू होत नाही. जहाजं होंडुरासच्या झेंड्याची होती, आणि त्यांची मालक कंपनी अमेरिकेच्या युनायटेड फ्रूटच्या मालकीची. कामगारांना युनियन निवडायला मतदान हवं होतं. ते झालं नाही.

आता याच धंद्यातली दुसरी बोट बघा. नॉर्वेजियनचीच ‘प्राइड ऑफ अमेरिका’ हवाईच्या बेटांमध्ये फिरते. तिथल्या मार्गासाठी अमेरिकन झेंडा लागतो. म्हणून तिच्यावर कामगार मुख्यतः अमेरिकन, कायदे अमेरिकन आणि युनियनही आहे. धंदा तरीही बुडाला नाही. म्हणजे युनियन आली तर क्रूझ परवडणार नाही, हे खरं नाही. ती नसली तर जास्त परवडते, एवढंच.

झेंड्यानंतर येतो काँट्रॅक्टचा कागद. २००३ च्या मे महिन्यात मायामीच्या बंदरात ‘एसएस नॉर्वे’ या क्रूझ जहाजाचा बॉयलर फुटला आणि आठ कामगार गेले. फिलिपिनो कामगारांच्या आणि मृतांच्या कुटुंबांच्या वतीने अमेरिकेत दावे दाखल झाले. २००५ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं, काँट्रॅक्टमध्ये लवाद लिहिलाय, तेव्हा फिलिपीन्समध्ये जाऊन लवादापुढे मागा. अपघात मायामीत, कंपनी मायामीत, न्याय मात्र सात समुद्रापार. वयाच्या बाविसाव्या वर्षी एजंटच्या ऑफिसात उभ्या-उभ्या सही करताना हे कलम कोण वाचतो?

आणि एजंट. कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायला एमएलसीत बंदी आहे. दादाकडून एका एजंटने ते घेतले. ‘प्रोसेसिंग’ म्हणून, रोख, पावतीशिवाय. मावशीच्या पाटल्या तेव्हा गहाण पडल्या होत्या. त्या सोडवेपर्यंत दादाची दोन काँट्रॅक्टं गेली. कर्जात असलेला माणूस पट्टी लाल करण्याचा हट्ट धरत नाही, हे एजंटला आणि सुपरवायझरला दोघांनाही ठाऊक असतं. शिवाय दोन काँट्रॅक्टांच्या मध्ये पगार नाही, आणि पुढच्या वेळी बोलावतीलच याची खात्री नाही. त्याला काढायची गरजच पडत नाही. नुसतं परत बोलावलं नाही की झालं.

इथे कुणी सांगेल, क्रूझवर युनियन असते की! असते, कागदावर. काही मोठ्या कंपन्यांचे सामूहिक करार नॉर्वेच्या किंवा इटलीच्या खलाशी युनियनशी आहेत. या करारांमुळे पगाराला आणि भरपाईला काही तळ मिळाला, हे मान्य केलंच पाहिजे. पण कणकवली-कुडाळच्या पोराने ओस्लोतल्या युनियनला कधी मत दिलं? त्याच्या डेकवर तिचा माणूस कोण? दादाला विचारलं, तर तो म्हणाला, “स्लिपवर कायतरी कापतत खरा.” त्याला युनियन पगारातून कापलेल्या रकमेच्या रूपातच भेटली आहे.

‘पण घर बांधलं ना त्याने? गावात राहून काय मिळालं असतं?’ हा प्रश्न मला घरच्यांनीच विचारला. बांधलं, स्लॅबचं, दोन मजली. म्हणूनच तर म्हणतो, ज्याने तेवढं कमावून दिलं त्याला झोपू द्या. डॉलर हे कामाचे दाम आहेत, गप्प बसण्याचे नाहीत.

आणि संकटात काय होतं, ते आपण पाहिलंय. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामात ‘डायमंड प्रिन्सेस’ अडकली. प्रवाशांना केबिनमध्ये बंद केलं आणि त्यांच्या दारांपर्यंत जेवण पोचवत राहिले कामगार. त्यांत १३२ भारतीय होते. त्याच एप्रिलमध्ये ‘मरेला डिस्कव्हरी’वरचे सुमारे दीडशे भारतीय कामगार मुंबईसमोर येऊन थांबले होते. आपलंच शहर समोर, पण उतरायची परवानगी नाही. खलाशी संघटना सरकारच्या मागे लागल्या, नियम ठरले, माणसं उतरली. संघटनेचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. एमएलसीनुसार कामगाराला त्याच्या तासांच्या नोंदीची सही केलेली प्रत मिळायला हवी. ती दर महिन्याला त्याच्या मोबाइलवर आपोआप जाऊ दे. हे लिहायला माझ्यासारख्याला फार वेळ लागणार नाही. पाच किंवा अधिक कामगारांच्या जहाजावर सुरक्षा समिती आणि तिच्यात कामगारांचा प्रतिनिधी लागतो. तो नेमलेला नको, गुप्त मतदानाने निवडलेला हवा. सामूहिक करार सहीच्या आधी आणि कळेल अशा भाषेत हातात पडायला हवा. आणि भरती एजन्सीला लायसन्स देणारं शिपिंगचं महासंचालनालय आपल्या कांजूरमार्गलाच आहे. भारतीय कामगाराला भारतात दाद मागता येईल, असं काँट्रॅक्ट असल्याशिवाय ते लायसन्स मिळू नये. मुंबईत नुसीसारखी खलाशांची जुनी, मोठी संघटना आहे. तिने वेटर, कुक, स्टुअर्ड यांच्यासाठी हा आग्रह जोरात धरावा, आणि आपल्या पोरांनी तिच्या दारात जाऊन तो धरायला लावावा.

आम्ही आयटीवाले यात शहाणे आहोत असं नाही. युनियन म्हटलं की आम्हीही हसतो, आणि रात्री अकराच्या कॉलला बसून टाइमशीटवर आठ तास भरतो. हिरवी पट्टी आमच्याही ओळखीची आहे.

दादा आता परत बोटीवर गेलाय. हे लिहितोय म्हटल्यावर त्याने एकच मेसेज केला: “माझा नाव घालू नको.” घातलं नाही. आपल्याच कामाचे खरे तास सांगायला माणसाला नाव लपवावं लागतं, तोवर त्या स्क्रीनवरचा एकही हिरवा रंग मी खरा मानणार नाही.